आयन आदळला की इलेक्ट्रॉन किती उडाले: पहिल्यांदा मोजणाऱ्यांसाठी

व्हॅक्यूम चेंबरमध्ये तांब्याची एक चकती लटकवा, तिची तार पिकोअँमीटरला जोडा आणि चकतीवर १ नॅनोअँपिअरचा आयन बीम सोडा. मीटरवर १ दिसायला हवा. दिसतो १.१, कधी १.६, आणि बीम १०० केईव्हीच्या (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट; हजार ईव्ही म्हणजे एक केईव्ही) प्रोटॉनचा असेल तर २ च्याही वर. मीटर बिघडलेलं नसतं. धन आयन चकतीत आला की मीटर एक धनप्रभार मोजतं. त्याच धक्क्याने चकतीतून एक इलेक्ट्रॉन बाहेर पडला तर चकतीने एक ऋणप्रभार गमावला, म्हणजे मीटरच्या हिशेबात आणखी एक धन. दोन्हींची बेरीज होते. एका आयनामागे सरासरी किती इलेक्ट्रॉन सुटले, त्या आकड्याला गॅमा म्हणतात.

बरेच जण या विषयाकडे अशा चुकलेल्या करंटमुळेच येतात. आयन रोपणाचा डोस जास्त दिसतो, ग्लो डिस्चार्ज अपेक्षेपेक्षा कमी व्होल्टेजला पेटतो, किंवा मास स्पेक्ट्रोमीटरचा डिटेक्टर दोन आयनांना वेगवेगळी दाद देतो. मुळाशी गॅमा असतो. तो मोजणं दिसायला अगदी सोपं आहे: दोन करंट घ्या, भागाकार करा, एक वजा करा. त्या दोन करंटमध्ये आणखी काय काय मिसळलेलं असतं, हे शोधण्यातच खरे दिवस जातात. म्हणून या लेखातही आकडेमोड कमी आणि शंका जास्त आहेत.

आधी दोन वाटा ओळखा

इलेक्ट्रॉन दोन वेगळ्या कारणांनी सुटतात आणि आपण कोणतं मोजतोय हे बीम चालू करण्याआधीच ठरलेलं असावं.

पहिली वाट स्थितिज उत्सर्जनाची. आयन पृष्ठभागाला टेकायच्या आधीच, काही अँगस्ट्रॉम अंतरावर असताना, धातूतला एक इलेक्ट्रॉन त्याच्या रिकाम्या जागेत शिरतो. त्यातून सुटलेली ऊर्जा धातूतल्या दुसऱ्या इलेक्ट्रॉनला मिळते आणि तो बाहेर निसटतो. यात आयनाच्या वेगाचा फारसा संबंध नाही. अट एवढीच, की आयनीभवन ऊर्जा धातूच्या वर्क फंक्शनच्या (इलेक्ट्रॉन धातूबाहेर काढायला लागणारी किमान ऊर्जा) दुपटीपेक्षा जास्त हवी: एक वाटा आत गेलेल्या इलेक्ट्रॉनसाठी, दुसरा बाहेर येणाऱ्यासाठी. हेलियमची आयनीभवन ऊर्जा २४.६ ईव्ही, निऑनची २१.६, अर्गॉनची १५.८, झेनॉनची १२.१. टंगस्टनचं वर्क फंक्शन सुमारे ४.५ ईव्ही. बेल लॅब्जमध्ये होमर हॅगस्ट्रम यांनी १९५४ च्या सुमारास स्वच्छ टंगस्टनवर हेच आयन मोजले. हेलियमला गॅमा ०.२९ च्या आसपास, अर्गॉनला ०.१ च्या आसपास आणि झेनॉनला जेमतेम शंभरातला एक-दीड आला.

अंदाज बांधायला एक अनुभवसिद्ध सूत्र हाताशी ठेवा: गॅमा ≈ ०.०३२ × (०.७८ × आयनीभवन ऊर्जा − २ × वर्क फंक्शन), ऊर्जा ईव्हीमध्ये. टंगस्टनवर अर्गॉनसाठी कंसातली किंमत १२.३ − ९.० = ३.३ आणि गॅमा ०.१०५. सिझिअमची आयनीभवन ऊर्जा ३.९ ईव्ही, त्यामुळे कंसच उणे होतो, म्हणजे ही वाट बंद. फक्त दुसरी वाट तपासायची असेल तर सिझिअमसारखे अल्कली आयन का वापरतात, ते यावरून कळेल.

दुसरी वाट गतिज उत्सर्जनाची. इथे आयन आत घुसतो, इलेक्ट्रॉनांना धक्के देतो आणि पृष्ठभागाजवळचे काही बाहेर फेकले जातात. इथे वेग महत्त्वाचा. धातूतले इलेक्ट्रॉन मोकळे आहेत असं धरून सोन्यासाठी हिशेब केला तर उंबरठा सेकंदाला सुमारे २.७ लाख मीटर येतो. प्रोटॉनसाठी हे जवळपास ०.४ केईव्ही, हेलियमसाठी १.५ केईव्ही आणि अर्गॉनसाठी तब्बल १५ केईव्ही. प्रत्यक्षात जड आयन या उंबरठ्याच्या बरेच खाली असतानाही इलेक्ट्रॉन सोडतात, कारण अणू-अणूंच्या टकरीतही इलेक्ट्रॉन वरच्या पातळीत ढकलले जातात. उंबरठा म्हणजे भिंत नव्हे, चढण आहे. त्याच्या खूप वर गेलात की गॅमा आयनाच्या इलेक्ट्रॉनिक स्टॉपिंग पॉवरच्या (इलेक्ट्रॉनांना धक्के देताना तो दर अंतराला गमावतो ती ऊर्जा) प्रमाणात वाढतो आणि प्रोटॉनसाठी साधारण १०० केईव्हीजवळ शिखर गाठतो.

दोन्ही वाटांनी येणारे बहुतेक इलेक्ट्रॉन संथ असतात, काही ईव्हीचे. धातूत ते वरच्या एक-दोन नॅनोमीटर थरातूनच येतात. ही दोन वाक्यं लक्षात ठेवा; पुढची निम्मी कटकट यांच्यामुळेच आहे. पहिल्या वाक्यामुळे काम सोपं होतं, कारण थोड्याशा बायसने (चकतीला दिलेल्या व्होल्टेजने) इलेक्ट्रॉन वळवता येतात. दुसऱ्यामुळे अवघड, कारण एक-दोन नॅनोमीटर म्हणजे जेमतेम पाच-दहा अणुथर, आणि तेवढा तर मळच असतो.

पायरी १: पृष्ठभाग

दशलक्षांश टॉर (टॉर हे दाबाचं एकक) दाबाला चेंबरमध्ये उरलेल्या अवशिष्ट वायूचा एक अणुथर सुमारे एका सेकंदात बसतो (आदळलेला प्रत्येक रेणू चिकटला असं धरून). अब्जांश टॉरला तोच थर बसायला हजार सेकंद लागतात, म्हणजे सतरा मिनिटं. त्याच्याही दसपट खाली गेलात तर तीन तासांच्या आसपास हाताशी असतात. त्यामुळे दशलक्षांश टॉरला मोजलेला ‘तांब्याचा गॅमा’ हा तांब्याचा नसतोच. तो तांब्यावर बसलेल्या पाण्याचा, तेलाचा आणि ऑक्साइडचा असतो.

माझी पहिली मापनं अशीच होती. आकडे रोज तंतोतंत जुळायचे, म्हणून मी खुशीत होतो. मग बीम मुद्दाम दोन तास तसाच चालू ठेवला आणि गॅमा हळूहळू उतरत निम्म्यावर आला. रोज जुळत होते ते एकाच मळाचे आकडे.

मळाने गॅमा नेहमी वाढतोच असंही नाही. १९९९ मध्ये फेल्प्स आणि पेत्रोविच यांनी अर्गॉनची जुनी मापनं एकत्र मांडली. त्यांत स्वच्छ धातूंवर काहीशे ईव्हीपर्यंत गॅमा ०.०७ च्या आसपास जवळजवळ सपाट राहतो. मळलेल्या पृष्ठभागावर कमी ऊर्जेला तो याच्याही खाली असतो आणि ऊर्जा वाढली की वर चढत जातो. म्हणजे मळ स्थितिज वाट अडवतो आणि गतिज वाट रुंद करतो.

सफाईचा क्रम असा: चेंबर बेक करा, मग १ ते ३ केईव्हीच्या अर्गॉनने पृष्ठभाग स्पटर करा (आयनांच्या माऱ्याने वरचा थर उडवा), टार्गेट, म्हणजे बीम झेलणारी चकती, तापवून ॲनील करा आणि हे चक्र पुन्हा पुन्हा चालवा. टंगस्टन असेल तर २००० केल्विनच्या वर क्षणभर फ्लॅश करणं सगळ्यात सोपं. ऑजे स्पेक्ट्रोमीटर (पृष्ठभागावर कोणती मूलद्रव्यं आहेत ते दाखवणारं उपकरण) असेल तर कार्बन आणि ऑक्सिजनच्या रेषा पाहा. नसेल तर गॅमा स्वतःच तुमचा निर्देशक: लागोपाठ तीन चक्रांत तो हलला नाही, की थांबा.

मोजायचा बीम स्वतःच सफाई करेल, असं काही जण धरून चालतात. हिशेब करून पाहू. १ नॅनोअँपिअर म्हणजे सेकंदाला ६.२४ अब्ज आयन. तो बीम एक चौरस मिलिमीटरवर पडला आणि प्रत्येक आयनाने तांब्याचे चार अणू उडवले, तर एक अणुथर जायला सुमारे दहा मिनिटं लागतात. अब्जांश टॉरला नवा थर बसायला सतरा. शर्यत जेमतेम तुमच्या बाजूने आहे. बीम दहापट अशक्त केलात की हरलात.

पायरी २: बीम

इथे तीन भेसळी शोधायच्या. पहिली, दुहेरी प्रभाराचे आयन. दुहेरी प्रभाराचा अर्गॉन पृष्ठभागाशी येताना एकेरीपेक्षा जवळजवळ तिप्पट स्थितिज ऊर्जा आणतो, शिवाय त्याच व्होल्टेजला त्याची गतिज ऊर्जाही दुप्पट होते. थोडीशी भेसळही गॅमा फुगवते. असे आयन वेगळे काढणारा चुंबक किंवा वीन फिल्टर असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर आयन सोर्समधल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा ४३ ईव्हीच्या खाली ठेवा, कारण अर्गॉन अणूचे दोन इलेक्ट्रॉन एका फटक्यात काढायला ४३.४ ईव्ही लागतात. करंट बराच कमी होईल, पण तो खरा असेल.

दुसरी भेसळ उदासीन अणूंची. वाटेत अवशिष्ट वायूशी प्रभाराची अदलाबदल झाली की आयनाचा वेगवान उदासीन अणू होतो. तो मीटरला दिसत नाही, पण टार्गेटमधून इलेक्ट्रॉन मात्र काढतो. टार्गेटच्या आधी बीम दोन-तीन अंशांनी वळवा. उदासीन अणू सरळ जाऊन भिंतीवर आदळतील.

तिसरी, बीमची कड. बीमचा काही भाग टार्गेटच्या बाहेर किंवा पुढच्या ॲपर्चरवर (बीम जाण्यासाठी भोक असलेल्या पट्टीवर) पडत असेल तर तिथून सुटलेले इलेक्ट्रॉन टार्गेटवर येतात. टार्गेटच्या जागी आधी खोल फॅरेडे कप (सुटलेले इलेक्ट्रॉन बाहेर न पडू देणारी डबी) ठेवून बीम नीट बसवा.

पायरी ३: जोडणी

टार्गेट सिरॅमिकवर बसवा. मध्ये ६० व्होल्टपर्यंतची बॅटरी आणि मग पिकोअँमीटर. मुख्य लाइनवर चालणाऱ्या पॉवर सप्लायपेक्षा बॅटरी बरी, तिला ५० हर्ट्झची गुणगुण नसते. केबल पट्ट्यांनी पक्की बांधा. लोंबकळणारी केबल हलली की घर्षणाने काही पिकोअँपिअर सहज तयार होतात.

आता गळती. सिरॅमिकचा रोध १ लाख कोटी ओहम असला आणि बायस ६० व्होल्ट असला, तर ६० पिकोअँपिअर नुसतेच वाहतात. तुमचा बीम २०० पिकोअँपिअरचा असेल तर हे फार झालं. म्हणून प्रत्येक बायसला बीम बंद करून शून्य नोंदवा आणि वजा करा. गार्ड (गळती अडवणारं मधलं आवरण) असलेली ट्रायॅक्स केबल मिळाली तर उत्तम.

हे शून्य एकदा घेऊन भागत नाही. एका मोठ्या मालिकेत तीन आठवड्यांनी माझं शून्य दसपट झालं होतं. केबल बदलली, मीटर बदललं, काही फरक नाही. शेवटी फ्लँज उघडला, तर टार्गेटखालचा सिरॅमिकचा मणी, जो खडूसारखा पांढरा होता, एका बाजूने राखाडी झालेला. टार्गेटमधून उडालेला धातू त्याच्यावर बसून पातळ फिल्म तयार झाली होती आणि करंटला आयता रस्ता मिळाला होता. तेव्हापासून मी मण्याच्या आडोशाला एक छोटी धातूची टोपी लावतो.

आयन गनच्या उच्च व्होल्टेजबद्दल एकच सांगतो: सप्लाय बंद केल्यावरही अर्थिंग रॉड टेकवल्याशिवाय कशालाही हात लावू नका. कपॅसिटर बटणाचं ऐकत नाही.

पायरी ४: बायस फिरवा

टार्गेटला +५० व्होल्ट दिलेत की संथ इलेक्ट्रॉन परत खेचले जातात आणि मीटर फक्त आयन मोजतं. −५० व्होल्ट दिलेत की सगळे निघून जातात आणि मीटर आयन अधिक इलेक्ट्रॉन दाखवतं. एकेरी प्रभाराच्या आयनांसाठी:

गॅमा = (ऋण बायसचा करंट ÷ धन बायसचा करंट) − १

आयनावर दोन प्रभार असतील तर या उत्तराला दोनाने गुणा, तीन असतील तर तिनाने.

नवखे इथे फक्त दोन बिंदू घेतात. तसं करू नका. −६० पासून +६० पर्यंत पाच-पाच व्होल्टच्या टप्प्यांनी जा आणि आलेख काढा. शून्याजवळ तीव्र उतार आणि दोन्ही टोकांना सपाट पठार दिसायला हवं. ऋण बाजूचं पठार साधारणपणे लवकर येतं. धन बाजू त्रास देते. २० व्होल्टनंतरही करंट उतरत असेल तर दोन कारणं संभवतात: एक तर काही इलेक्ट्रॉन वेगवान आहेत आणि बायसला जुमानत नाहीत (गतिज वाटेवर हे होतं), किंवा धन टार्गेट आजूबाजूच्या ॲपर्चरवरून परके इलेक्ट्रॉन ओढून घेतंय. दुसऱ्यावर उपाय आहे: टार्गेटच्या पुढे ऋण व्होल्टेजची एक कडी बसवा, म्हणजे ॲपर्चरकडचे इलेक्ट्रॉन तिथेच अडतील. कडी लावल्यावर उतार गेला तर दोषी सापडला.

आयनांची ऊर्जा १०० ईव्हीच्या पातळीवर असेल तर ±५० व्होल्टचा बायस आयनाचीच ऊर्जा अर्ध्याने बदलतो. मग टार्गेट शून्यावर ठेवून भोवतीच्या कलेक्टरला बायस द्या.

व्हॅक्यूम राखणाऱ्या आयन पंपाचे चुंबकही विसरू नका. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात २ ईव्हीचा इलेक्ट्रॉन सुमारे १० सेंटिमीटर त्रिज्येने वळतो. छोट्या चेंबरमध्ये ते खपून जातं. टार्गेटजवळ त्याच्या दहापट क्षेत्र असेल तर तोच इलेक्ट्रॉन सेंटिमीटरभरात फिरून टार्गेटवर परत येतो आणि ऋण बाजूचं पठारच लबाड होतं.

पायरी ५: अनिश्चिततेचा हिशेब

समजा, टंगस्टनवर १ केईव्हीचा हेलियम. धन बायसला ०.८००, ऋण बायसला १.००० नॅनोअँपिअर. भागाकार १.२५, गॅमा ०.२५. आता दोन्ही करंटमध्ये १ टक्का अनिश्चितता धरा. भागाकारात ती १.४ टक्के होते, म्हणजे १.२५ वर ०.०१८. पण आपण १ वजा केला! गॅमावर हीच चूक ७ टक्के झाली. गॅमा ०.१ असता तर १५ टक्क्यांच्या आसपास. झेनॉनचा ०.०१५ असता तर चूक उत्तराएवढी.

म्हणून गॅमा ०.१ च्या खाली असेल तर ही पद्धत सोडा. टार्गेटभोवती कलेक्टर बसवून त्याच्यावर येणारा इलेक्ट्रॉनांचा करंट थेट मोजा आणि त्याला आयन करंटने भागा. मग वजाबाकीच उरत नाही. त्याहून नाजूक कामासाठी एकेक आयन पाठवून सुटलेले इलेक्ट्रॉन वीस-तीस हजार व्होल्टने एका सिलिकॉन डिटेक्टरवर नेतात. तीन इलेक्ट्रॉन एकदम आले तर पल्सची उंची तिप्पट. यातून सरासरीच नव्हे, तर किती आयनांनी एक, किती आयनांनी दोन इलेक्ट्रॉन काढले तेही कळतं. जे आयन काहीच काढत नाहीत ते मात्र इथे दिसत नाहीत, म्हणून छोट्या गॅमाला शून्याचा वाटा वेगळा काढावा लागतो.

भागाकारात बीमचा चढउतारही शिरतो. धन, ऋण, पुन्हा धन असं आळीपाळीने मोजा आणि दोन धन मापनांची सरासरी घ्या.

कोन बदलायचा असेल तर

टार्गेट तिरकं केलं की आयनाचा वरच्या थरातला मार्ग लांबतो आणि गतिज गॅमा साधारण १ ÷ कोज्या कोन या प्रमाणात वाढतो; ६० अंशाला दुप्पट. सत्तरीच्या पुढे हा नियम ढासळतो. त्याआधीच ढासळलेला दिसला तर पहिला संशय बीमच्या पसरलेल्या ठशावर घ्या, तो टार्गेटबाहेर गेला असेल. एकस्फटिकी टार्गेटवर काही विशिष्ट कोनांना गॅमा खाली येतो, कारण आयन अणूंच्या रांगांमधून आत घसरतो. स्थितिज उत्सर्जन कोनाला फारसं विचारत नाही, त्यामुळे कोन फिरवणं ही दोन वाटा वेगळ्या करायची स्वस्त युक्ती आहे.

विद्युतरोधक टार्गेट

पहिल्या प्रयोगात घेऊ नका. मॅग्नेशियम ऑक्साइडसारख्या पदार्थात इलेक्ट्रॉन खूप खोलवरून बाहेर येऊ शकतात, गॅमा मोठा असतो आणि त्यामुळे आकर्षण वाटतं. पण आयन आत आणि इलेक्ट्रॉन बाहेर, दोन्हींनी पृष्ठभाग धन होत जातो आणि काही व्होल्ट चढताच आपलेच इलेक्ट्रॉन परत खेचतो. काही सेकंदांत गॅमा खाली आलेला दिसतो आणि तो पदार्थाचा गुण वाटतो. घ्यायचाच असेल तर धातूवर काही नॅनोमीटरची पातळ फिल्म घ्या, बीम छोट्या पल्समध्ये द्या आणि पहिल्या पल्सचा आकडा दहाव्याशी ताडून पाहा.

वहीत काय लिहायचं

आयन, प्रभार, ऊर्जा आणि कोन सगळेच लिहितात. त्यासोबत चेंबरचा दाब, शेवटच्या सफाईनंतर किती मिनिटं झाली, तोवर टार्गेटवर किती आयन पडले आणि बीम बंद असतानाचं दोन्ही बायसचं शून्य, हेही प्रत्येक ओळीत लिहा. सहा महिन्यांनी दोन मालिकांचे आकडे जुळले नाहीत, की बहुतेक वेळा उत्तर ‘सफाईनंतरची मिनिटं’ या रकान्यात सापडतं.